आपल्या गावातले बेघर: मोजायचे कसे, कमी करायचे कसे

गावात बेघर किती, असं नगरपरिषदेत विचारलं की बहुधा दोनपैकी एक उत्तर मिळतं. एक, ‘आपल्याकडे तसं कोणी नाही, बाहेरचे येऊन-जाऊन असतात.’ दुसरं म्हणजे निवारा केंद्राच्या रजिस्टरमधला कालचा आकडा. पहिलं खरं नसतं. दुसरं खरं असतं, पण त्यातून किती खाटा भरल्या एवढंच कळतं. स्टँडवर, मोंढ्यातल्या आडत दुकानाच्या ओट्यावर किंवा सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात रात्र काढणारा माणूस त्या रजिस्टरमध्ये येतच नाही.

२०११ च्या जनगणनेत देशात सुमारे १७ लाख ७० हजार बेघर नोंदले गेले, महाराष्ट्रात सुमारे २ लाख १० हजार. ही नोंद २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत झाली. देशाच्या धोरणाला असा आकडा लागतो. पण परभणीच्या स्टेशनबाहेर झोपणाऱ्या म्हाताऱ्याला काय हवंय, हे त्यातून कळत नाही. म्हणून गावपातळीवर काम करणाऱ्यांना माझं एकच सांगणं असतं: आकड्यासाठी मोजू नका, यादीसाठी मोजा. नावानिशी यादी असेल तर आकडा आपोआप निघतो. आकड्यावरून मात्र यादी करता येत नाही.

पुढे जे लिहिलंय ते मराठवाड्यातलं जिल्ह्याचं किंवा मोठ्या तालुक्याचं ठिकाण डोळ्यांसमोर ठेवून. पंधरा-वीस कार्यकर्ते, नगरपरिषदेतला एखादा मनापासून काम करणारा अधिकारी आणि वर्षभर टिकणारी चिकाटी एवढं असलं तर सुरुवात होते.

कोणाला धरायचं, कोणाला नाही

हे कागदावर आधी ठरवा, नाहीतर मोजणीच्या रात्री चौकात उभं राहून वाद होतात. मी तीन रकाने ठेवायला सांगतो.

पहिल्या रकान्यात डोक्यावर काहीच नसलेले: फूटपाथ, पुलाखाली, स्टँड, फलाट, मंदिराचा सभामंडप, दर्ग्याचं आवार, घाट, बंद दुकानाची पायरी. दुसऱ्यात निवारा केंद्रात किंवा अशाच तात्पुरत्या सोयीत झोपणारे. इथेच दवाखान्यातले ‘सोडले तर जाणार कुठं’ असे पेशंटही धरावेत, कारण डिस्चार्ज झाला की ते पहिल्या रकान्यात येतात. तिसऱ्यात पालं, वीटभट्टीवरची खोपटं, बांधकामावरच्या पत्र्याच्या खोल्या.

तिसरा रकाना पहिल्या दोहोंत मिसळू नका. पालावरच्या भटक्या कुटुंबाचा प्रश्न जागेचा, जातीच्या दाखल्याचा आणि गावानं थारा देण्याचा असतो. स्टँडवर एकट्यानं राहणाऱ्याचा प्रश्न वेगळा, त्याची वाटही वेगळी. दोघांची बेरीज केली की आकडा फुगतो आणि तो पाहून अधिकारी हात वर करतो.

ऊसतोड कामगारांचं काय, हा आपल्याकडचा खास प्रश्न. बीड, धाराशिव, जालना, परभणीतली कुटुंबं दिवाळीच्या आगेमागे कोयता घेऊन निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत कारखान्याच्या हद्दीत कोपीत, म्हणजे झोपडीत राहतात. ती बेघर नाहीत, गावी त्यांचं घर असतं. पण ज्यांचं गावातलं घर पडलंय आणि परतल्यावर शाळेच्या किंवा समाजमंदिराच्या ओट्यावर मुक्काम पडतो, ती आहेत. तोडीला जाताना गावात मागे राहिलेली म्हातारी माणसं हा आणखी एक गट. त्यातली काही हिवाळ्यात तालुक्याच्या स्टँडवर दिसू लागतात.

रात्र कोणती निवडावी

वर्षातून दोनदा मोजा. एकदा डिसेंबर-जानेवारीत आणि एकदा मे महिन्यात. थंडीत माणसं आडोशाला गोळा होतात, त्यामुळे सापडतात. परभणीकडची थंडी ज्यांना माहीत आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. मेमध्ये तोडीची माणसं परतलेली असतात आणि पाणी आटल्यामुळे गाव सोडलेलीही शहराकडे आलेली असतात. एकाच मोजणीवर भागवलं तर यातला एक गट सुटतोच.

यात्रेचे दिवस टाळा. तुळजापुरात नवरात्र तर नकोच, पण मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमाही नको. पैठणला नाथषष्ठी, परळीला महाशिवरात्र, औंढ्याला आणि घृष्णेश्वराला श्रावणातले सोमवार, नांदेडला होला मोहल्ला, परभणीला उरूस. या दिवसांत उघड्यावर झोपलेल्यांत भाविक कोण आणि बेघर कोण हे ओळखणं अवघड जातं. मात्र यात्रा संपल्यावर चार दिवसांनी एक फेरी जरूर मारा. घरच्यांनी यात्रेत आणून सोडून दिलेली म्हातारी किंवा मनोरुग्ण माणसं तेव्हाच नजरेस पडतात.

जागांची यादी आधी, माणसांची नंतर

गावात कोण कुठे झोपतं हे सगळ्यांत नेमकं पहाटे झाडायला येणाऱ्या सफाई कामगारांना माहीत असतं. दर सकाळी त्यांना कोणाला तरी उठवावं लागतं. त्यांच्यानंतर स्टँडवरचा रात्रीचा चहावाला, एटीएमचा वॉचमन, रात्रपाळीचे रिक्षावाले, मोंढ्यातले हमाल. नांदेडमध्ये गुरुद्वाऱ्याच्या लंगरला रोज जेवणारी माणसं असतात. ती रात्री जातात कुठे, हे तिथल्या सेवेकऱ्यांना विचारा.

गावाच्या नकाशावर या जागा मांडा आणि दर पथकाला पायी दोन तासांत फिरता येईल एवढाच पट्टा द्या.

बायका सहज दिसत नाहीत. एकटी बाई उजेडात, माणसांच्या वर्दळीत झोपते किंवा झोपतच नाही. दवाखान्यात प्रसूती वॉर्डाबाहेर नातेवाइकांच्या घोळक्यात, स्टेशनच्या महिला प्रतीक्षालयात, पोलीस चौकीच्या पायरीवर, देवळातल्या बायकांच्या बाजूला. ती नीटनेटकी बसलेली असते, पिशवी मांडीवर असते आणि विचारलं तर ‘गाडीची वाट बघतेय’ म्हणते. यादीत पुरुष शंभर आणि बायका पाच आल्या, तर बायका कमी आहेत असं समजू नका, आपलं शोधणं कमी पडलंय.

मोजणीची रात्र

वेळ रात्री अकरा ते दोन. पथकात तिघं, त्यात एक बाई असलीच पाहिजे. आयुक्तांचं किंवा मुख्याधिकाऱ्यांचं पत्र खिशात ठेवा. स्टेशन मास्तर, रेल्वे पोलीस, आगार व्यवस्थापक आणि पोलीस ठाण्याला आधी लेखी कळवा, पण पोलिसांना सोबत नेऊ नका. महाराष्ट्रात १९५९ चा भीक प्रतिबंधक कायदा आजही आहे आणि रस्त्यावरच्या माणसाला तो कलमासकट ठाऊक नसला तरी ‘गाडी येते आणि उचलून नेते’ एवढं पक्कं ठाऊक असतं. खाकी दिसली की पुढच्या गल्लीतली माणसं आधीच पांगतात.

झोपलेल्याला उठवायचं नाही आणि तोंडावर बॅटरी मारायची नाही. जागा, बाई की पुरुष, अंदाजे वय एवढं टिपून पुढे जायचं आणि पहाटे पाचला तोच पट्टा पुन्हा फिरायचा, तेव्हा माणसं उठलेली असतात. फोटो काढायचे नाहीत. हे मी जरा कडकपणे सांगतो, कारण ब्लँकेट देतानाचे फोटो दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर फिरले की पुढच्या वेळी तीच माणसं तोंड फिरवतात.

प्रवासी आणि फलाटावर राहणारा यांतला फरक कसा ओळखायचा? रात्रीची गाडी निघून गेल्यावर पाहा. प्रवासी सामानाला टेकून झोपतो. इथेच राहणाऱ्याची जागा ठरलेली असते, अंथरुणाखाली पुठ्ठा असतो, वळकटी कुठेतरी खांबामागे कोंबलेली असते आणि चहावाला त्याला नावानं ओळखतो. शंका असेल तर ‘नक्की नाही’ असा शेरा मारा आणि दुसऱ्या रात्री पुन्हा बघा.

बोलायला तयार असलेल्याला मोजकंच विचारा: काय म्हणून हाक मारू, गाव कोणतं, इथे किती दिवसांपासून, त्याआधी कुठे होता, काम काय, कागद कोणते आहेत, दुखतं-खुपतं काय आणि सध्या कशाची गरज आहे. शेवटचा प्रश्न सगळ्यांत मोलाचा. उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहा.

एका स्टँडवरची अशी एक ओळ बघा: ‘मागच्या फलाटाचा ओटा. बाई, पासष्टीच्या पुढची. दोन पावसाळे इथे. गाव परळी तालुक्यात. मुलगा-सून तोडीला, घराची भिंत पडलेली. आधार कार्ड गावी पेटीत. डाव्या डोळ्याला दिसत नाही. म्हणते, “माझा पगार चालू करून द्या.”’ पगार म्हणजे निराधारचं अनुदान. पथकातल्या पोरांनी तिच्यासाठी निवारा केंद्रातली खाट ठरवून टाकली होती. तिला खाट नको होती. दर महिन्याला हातात पैसे आले तर ती गावातच कोणाच्या तरी पडवीत मानानं राहणार होती. तिचा सगळा प्रश्न आधार कार्ड, मोतीबिंदू आणि तहसीलच्या एका अर्जाचा होता.

सुटलेल्यांचा हिशोब

एका रात्रीत सगळे सापडत नाहीत. किती सुटले, याचा अंदाज काढायची जुनी रीत आहे. तळ्यातले मासे मोजायलाही ती वापरतात. आठवड्याच्या आत दुसरी मोजणी करायची आणि दोन्हीत सापडलेली माणसं किती ते पाहायचं.

समजा पहिल्या रात्री ८४ सापडले, दुसऱ्या रात्री ७०, आणि दोन्ही रात्री सापडलेले ४९. मग ८४ गुणिले ७० भागिले ४९, म्हणजे १२०. पाहिलेले वेगवेगळे चेहरे मात्र ८४ अधिक ७० वजा ४९, म्हणजे १०५. अर्थात अंदाजे १५ जण दोन्ही रात्री नजरेआड राहिले.

दोन अटी आहेत. मधल्या दिवसांत फार ये-जा झालेली नसावी आणि तोच माणूस दुसऱ्यांदा ओळखता आला पाहिजे. शिवाय जी माणसं मुद्दाम लपतात ती दोन्ही रात्री लपतात, त्यामुळे हा अंदाज खऱ्यापेक्षा कमीच येतो. अहवालात ‘किमान’ हा शब्द घाला.

या आकड्याचा उपयोग पहिल्याच दिवशी होतो. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या निकषानुसार दर एक लाख शहरी लोकसंख्येमागे किमान १०० जणांचा कायमस्वरूपी, चोवीस तास चालणारा निवारा हवा आणि माणशी ५० चौरस फूट जागा. २०११ ची लोकसंख्या धरली तर लातूरला (सुमारे ३ लाख ८२ हजार) ३८० च्या आसपास जागा लागतात आणि धाराशिवला (सुमारे १ लाख १२ हजार) शंभराच्या वर. तुमच्या गावात प्रत्यक्ष किती आहेत, ते निकषाशेजारी मांडा आणि सर्वसाधारण सभेत ठेवा. निवाऱ्यांबाबत सर्वोच्च न्यायालयाचे आदेश आहेत, त्यामुळे ही मागणी उपकाराची नाही.

यादी जिवंत ठेवणं

मोजणी झाली की खरं काम सुरू होतं आणि बहुतेक गावांत ते इथेच थांबतं. प्रत्येक माणसाला एक खूणक्रमांक द्या: नावाचं आणि आईच्या नावाचं पहिलं अक्षर, जन्मसालाचा अंदाज, एखादी ओळख. आधार क्रमांक यादीत लिहू नका. यादी एकाच व्यक्तीकडे कुलपात असावी. बाकीच्यांनी क्रमांकावर बोलायचं. माणूस ‘नाव नको’ म्हणाला तर नाव नको.

मग दर महिन्याला पाच गोष्टी लिहायच्या: नवे आले किती, परत आले किती, घर मिळालं किती, वारले किती, संपर्क तुटला किती. समजा महिन्याच्या सुरुवातीला ९६ होते. नवे ११, परतलेले ४. घर लागलेले १३, एक मयत, ६ जणांचा पत्ता नाही. शेवटी यादीवर ९१. कागदावर पाच कमी झाले, पण पत्ता नसलेले ६ जण कमी झाले असं धरलं नाही तर खरं तर एक वाढलाय. हे सहा वेगळे दाखवले नाहीत तर गाडी आणून माणसं शेजारच्या तालुक्यात सोडली तरी आकडा सुधारलेला दिसेल. असं होतं, म्हणून लिहितोय. तीन महिने पत्ता लागला नाही की नाव बाजूच्या कागदावर घ्या, खोडू नका.

सगळ्यांत जास्त बघायचा तो ‘नवे आले’ हा रकाना. ते कुठून आले? दवाखान्यातून सुटून, तुरुंगातून, अठरा पूर्ण झाल्यावर बालगृहातून, की भावकीच्या सातबाऱ्याच्या भांडणातून? यांतली जी वाट मोठी असेल ती बंद करायला एक माणूस नेमा. उदाहरणार्थ, संभाजीनगरची घाटी किंवा अंबाजोगाईचं वैद्यकीय महाविद्यालय अशा मोठ्या रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक असतात. बेवारस पेशंटला डिस्चार्ज देण्याच्या दोन दिवस आधी त्यांनी तुम्हाला फोन करायचा, एवढं ठरलं तरी पुष्कळ.

कमी करायचं ते असं

कागदांपासून सुरुवात करा, कारण बाकी सगळं तिथे अडतं. आधारसाठी मान्यताप्राप्त निवारा गृहाच्या अधीक्षकाचं प्रमाणपत्र पत्त्याचा पुरावा म्हणून चालतं. मतदार यादीत नाव घालायला बेघराला पत्त्याचा कागद लागत नाही. तो जिथे झोपतो तिथे बीएलओनं (मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्यानं) रात्री जाऊन खात्री करायची, असा निवडणूक आयोगाचा नियम आहे. हे कित्येक बीएलओंना माहीत नसतं, नियमाची प्रत सोबत न्या. मग बँक खातं, रेशन कार्ड आणि तहसीलमध्ये संजय गांधी निराधार किंवा पासष्टीनंतर श्रावणबाळ योजनेचा अर्ज. महिना १,५०० रुपये फार नाहीत, पण माणूस कोणाच्या तरी दारात उभा राहू शकतो. उत्पन्नाचा दाखला आणि रहिवासी पुरावा यांवर अर्ज अडतात, म्हणून एकेकटा अर्ज न देता दहा-पंधरा अर्ज एकदम घेऊन नायब तहसीलदारांची वेळ मागा.

मुलं चांगल्या स्थितीत असून आईबापाला बाहेर काढलं असेल तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. वकील लागत नाही. पण आधी विचारा. पुष्कळ म्हातारी माणसं पोराविरुद्ध सही करत नाहीत आणि तो त्यांचा हक्क आहे. ज्येष्ठांसाठी हेल्पलाइन १४५६७, बायकांसाठी १८१. मूल एकटं दिसलं तर १०९८ ला कळवा. चोवीस तासांत त्याला बालकल्याण समितीपुढे हजर करावं लागतं.

मनोरुग्णांच्या बाबतीत गावं सगळ्यांत जास्त चुकतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम १०० स्पष्ट आहे: असा भटकणारा माणूस पोलिसांनी संरक्षणात घ्यायचा, चोवीस तासांत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचा, कोठडीत ठेवायचा नाही, आणि तो बेघर असेल तर हरवल्याची नोंद करून घरचे शोधायचे. पोलीस ठाण्यात जाताना कलमाची छापील प्रत द्या, तोंडी सांगून उपयोग होत नाही. राज्यातली जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला, म्हणून आपल्याकडे जिल्हा रुग्णालयातल्या मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या डॉक्टरांशी आधीच ओळख हवी. बरे झालेल्यांना घरी पोचवण्याचं मोठं काम डॉ. भरत वाटवानी यांच्या कर्जतच्या श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशननं केलंय. २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार त्याच कामासाठी मिळाला. त्यांच्या कामातून घेण्यासारखी गोष्ट अशी की आधी उपचार, मग पत्ता. औषध लागू पडलं की माणूस स्वतःच गावाचं नाव सांगतो.

निवारा केंद्र असून रिकामं का, हे माणसांनाच विचारा. कामाच्या ठिकाणापासून लांब आहे. सामान ठेवायला कुलपाची पेटी नाही. नवरा-बायकोला वेगळं झोपावं लागतं. दारू प्यायलेल्याला आत घेत नाहीत. मोंढ्यात पहाटे गाडी उतरवणाऱ्या हमालाला गावाबाहेरचा निवारा काय कामाचा? पत्र्याच्या चार पेट्या आणि ठरलेल्या वेळेनंतरही उघडणारं दार, एवढ्यानं फरक पडतो.

तरीही निवारा म्हणजे घर नव्हे. फिनलंडनं २००८ पासून आधी घर, बाकी मदत नंतर असं धोरण धरलं आणि तिथली दीर्घकाळची बेघरी कमी झाली. आपल्याकडे तसे सरकारी फ्लॅट नाहीत. पण कमावत्या बेघराचं गाडं भाड्यावर क्वचितच अडतं, ते अडतं डिपॉझिटवर आणि हमीदारावर. माझ्या मते गावानं उभारायची पहिली गोष्ट म्हणजे डिपॉझिटचा फिरता निधी. व्यापारी, डॉक्टर, शिक्षक यांच्याकडून वर्गणी काढून तीन-चार हमालांना मिळून एक खोली घेऊन द्यायची. डिपॉझिट निधीचं, भाडं त्यांचं, घरमालकाकडे हमी संस्थेची. पहिले सहा महिने कोणीतरी आठवड्याला चक्कर मारावी. भांडणं भाड्यावरून होत नाहीत, पाण्याच्या पाळीवरून होतात.

खेड्यात वाट वेगळी. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये, म्हणजे घरांच्या आकारणीच्या नोंदवहीत, ज्यांच्या नावावर घरच नाही त्यांची यादी काढा आणि ग्रामसभेत वाचा. पंतप्रधान आवास, रमाई, शबरी, मोदी आवास या घरकुल योजनांत बसणारे पुष्कळ निघतात, अडतं जागेवर. जागा खरेदीसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेचं अर्थसहाय्य आहे, भटक्या-विमुक्तांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना आहे. तोडीला जाणाऱ्यांच्या मुलांना संत भगवानबाबा वसतिगृहात जागा मिळाली तर निदान पोरं तरी कोपीत राहत नाहीत.

महिन्याची बैठक

तासाभराची ठेवा आणि वार ठरवून टाका. नगरपरिषदेचे समुदाय संघटक, दवाखान्याचे समाजसेवा अधीक्षक, पोलीस ठाण्यातला एक जण, तहसीलचा निराधार विभाग आणि तुमची माणसं. भाषणं नकोत. यादी वरून खाली वाचायची आणि प्रत्येक क्रमांकापुढे पुढचं एक काम, ते करणाराचं नाव आणि तारीख लिहायची. वेळ कमी पडला तर आधी एकट्या बायका, मग आजारी, मग सर्वांत जास्त काळ रस्त्यावर असलेले. ज्याच्या नावापुढचं काम दोन बैठका तसंच राहिलं, त्याची फाइल मुख्याधिकाऱ्यांच्या टेबलावर.

येत्या जनगणनेचा संदर्भ दिवस १ मार्च २०२७ आहे. तुमच्या नकाशावरच्या जागांची यादी, माणसांची नव्हे, त्याआधी गावातल्या जनगणना अधिकाऱ्यांना लेखी द्या आणि पोच घ्या.